आजीचा दिवा आणि नातवाचा शॉवर

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. आम्ही नाशकात सिडकोत, पवननगरच्या बाजूला राहतो. घर स्कीममधलंच, पण दहा वर्षांपूर्वी वर दोन खोल्या आणि बाथरूम काढलं. घरात आम्ही दोघं, सासूबाई, मुलगा आणि मुलगी. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत. गेल्या वर्षी जानेवारीत आलेलं लाइटबिल २,४६० रुपये होतं, यंदा ४,५४० आलं. युनिट २१२ होते ते ३४१ झाले. नवीन वस्तू एकही घेतलेली नाही, देवाशपथ.

घरात रोज भांडण. मुलगा म्हणतो आजी रात्रभर दिवे चालू ठेवते. (देवघरातला छोटा दिवा आणि पॅसेजमधला झिरोचा बल्ब, कारण त्यांना रात्री उठावं लागतं.) सासूबाईंनी मनाला लावून घेतलं आणि आता रोज रात्री झोपताना फ्रीज बंद करतात. दोनदा दूध नासलं. मिस्टरांनी एका प्रदर्शनातून नऊशे रुपयांचं वीज वाचवायचं यंत्र आणलं, ते सॉकेटला लावून ठेवलंय, फरक शून्य. शेजारचे म्हणतात मीटर पळतोय, बदलून घ्या.

मुलगा यंदा इंजिनिअरिंगला गेला म्हणून वरची खोली त्याला दिली, त्याचा कॉम्प्युटरही वर नेला. वरच्या बाथरूमला त्याने शॉवर बसवून घेतला. तो खूश आहे, पण वरच्या टाकीत हल्ली पाणी पुरत नाही, मोटर दोनदा लावावी लागते. जिन्याखाली जुना इन्व्हर्टर आहे, त्याच्या बॅटरीला सहा-सात वर्षं झाली, म्हणजे तीही जाईल असं दिसतं. खर्च चारी बाजूंनी आहेच. मीटर बदलावा का? सोलर बसवावं का? आणि सासूबाईंना फ्रीजबद्दल कसं सांगू?

नाव छापू नका.

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही अगदी सहज लिहून गेलात: २१२ होते ते ३४१ झाले. बिलाबद्दल येणाऱ्या बहुतेक पत्रांत फक्त रुपये असतात, आणि रुपयांवरून मला काहीच सांगता येत नाही. त्यात स्थिर आकार असतो, वहन आकार असतो, इंधन समायोजन असतं, वर १६ टक्के वीज शुल्क. त्यातलं तुमच्या-माझ्या हातात काही नाही. मी नाशिकरोडला राहते. गच्चीवरून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात, म्हणून काही मला वीज स्वस्त मिळत नाही. तिथला कोळसाही विदर्भातून वॅगनी भरून येतो. हातात आहेत ते युनिट. तेव्हा पुढचं सगळं मी युनिटातच बोलणार आहे.

पण आधी एक हिशेब पाहा. तुमचे युनिट ६० टक्क्यांनी वाढले आणि रुपये ८४ टक्क्यांनी. असं का? घरगुती दराचे टप्पे आहेत: पहिले १००, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, आणि त्यापुढे. प्रत्येक टप्प्याला दर चढतो. ‘शंभर ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात’ असं जे सांगतात ते चूक आहे. पहिले शंभर सगळ्यांनाच पहिल्या दराने मिळतात. महाग पडतात ते वरचे. तुमचे शेवटचे ४१ युनिट तिसऱ्या टप्प्यात गेलेत, युनिटामागे सगळ्यात जास्त पैसे त्यांनी खाल्ले. आता याची उजवी बाजू: तुम्ही जे वाचवाल ते वरूनच कमी होतं. म्हणजे वाचवलेला पहिला युनिट हा तुमचा सर्वांत महागडा युनिट.

दोन्ही बिलं काढलीच आहेत तर त्यावरच्या मागच्या आणि चालू रीडिंगच्या तारखाही बघून घ्या. एकात ३० दिवस आणि दुसऱ्यात ३६ दिवस असतील, तर सहा दिवसांचे युनिट फुकटच जास्त दिसतात. मागच्या एखाद्या महिन्यात घर बंद म्हणून सरासरी बिल लावलं असेल, तर त्याचीही कसर पुढच्या बिलात निघते. तुमच्याकडे तसं नाही असं धरून पुढे जाते.

तुम्ही देवाशपथ लिहिलंत, तर माझा विश्वास आहे. नवी वस्तू आलेली नाही. पण पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात तुम्ही चार आरोपी स्वतःच ओळीने उभे केलेत आणि पुढे निघून गेलात. एकाचंही नाव भांडणात येत नाही, याची मला गंमत वाटली.

पहिला आरोपी शॉवर.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे हे गणित मला राहवत नाही. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. आता जानेवारीतली नाशिकची सकाळ डोळ्यांसमोर आणा. निफाडचा पारा किती उतरला हे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि आपल्या गच्चीवरची काळी टाकी रात्रभर उघड्यावर गारठते. त्यातलं पाणी सोळा अंशांचं धरू. अंघोळीला चाळीस अंश पुरतात. वीस लिटरची बादली चोवीस अंशांनी तापवायची, म्हणजे वीस गुणिले चोवीस गुणिले ४.२, भागिले ३,६००. उत्तर येतं ०.५६. बादलीला अर्ध्या युनिटाहून थोडं जास्त. पाच माणसं, पाच बादल्या, महिन्याला ८४ युनिट. हे फक्त अंघोळीचं. एवढं तुमचं गेल्या वर्षीही होतंच.

शॉवरमधून मिनिटाला सहा-सात लिटर पाणी सहज पडतं. मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, दहा मिनिटांत बाहेर येत असेल तर मी त्याचा सत्कार करीन. दहाच धरू. सत्तर लिटर म्हणजे जवळपास दोन युनिट, रोजचे. बादलीचा अर्धा वजा केला तरी दीड युनिट जास्त, महिन्याचे ४५.

शिवाय वरचा गीझर आता चालू झाला आहे, आणि वर दुसरं कोणी जात नाही. तो बंद करायचं कोणाच्या लक्षात राहतं? साठवणीचा गीझर दिवसभर चालू राहिला तर नळ न उघडताही पाणी निवत राहतं आणि तो पुन्हा पुन्हा तापवत राहतो. त्यात रोजचा अर्ध्या युनिटाच्या आसपास जातो. आणखी पंधरा.

आता आजीचा दिवा. देवघरातला दिवा एलईडीचा असेल तर त्याचं बोलूच नका. ‘झिरोचा बल्ब’ हे नाव मात्र फसवं आहे. जुना काचेचा झिरोचा बल्ब शून्य वॉटचा नसतो, बारा ते पंधरा वॉट घेतो. रात्रीचे दहा तास धरले तर महिन्याला चार-साडेचार युनिट. त्याच्या जागी अर्ध्या वॉटचा एलईडीचा झिरो लावा, पन्नास रुपयांच्या आतबाहेर मिळतो, मग वर्षभर रोज रात्री लावला तरी दोन युनिट होणार नाहीत. सत्तरी ओलांडलेल्या बाईने अंधारात पॅसेजमधून जायचं आणि खुब्याचं हाड मोडून घ्यायचं, ही वीजबचत मला मान्य नाही. दिवा राहू द्या. बल्ब तेवढा बदला.

दुसरा आरोपी जिन्याखाली आहे. इन्व्हर्टर तुम्ही भारनियमनाच्या दिवसांत घेतला असणार, तेव्हा सिडकोत घराघरांत आले होते. आता दिवे फारसे जात नाहीत, त्यामुळे त्याच्याकडे कोणी बघत नाही. पण तो चोवीस तास प्लगला आहे. चांगली बॅटरी एकदा भरली की अगदी थोडी वीज घेऊन गप्प बसते. म्हातारी बॅटरी भरतच नाही. ती घेतच राहते आणि घेतलेलं उष्णता म्हणून बाहेर टाकते. हात लावून पाहा (बॅटरीच्या बाहेरच्या प्लास्टिकला, वरच्या टोकांना नाही), दिवे गेलेले नसताना कोमट लागली तर समजा. ४० वॉट जरी सतत जात असले तरी महिन्याला २९ युनिट होतात. माझ्याकडेही हेच झालं होतं आणि मी दोन वर्षं फ्रीजला दोष देत होते.

तिसरा आरोपी संडासात. वरची टाकी पुरत नाही, मोटर दोनदा लावावी लागते, आणि हे मुलगा वर राहायला गेल्यापासून. काही पाणी शॉवरने नेलं, ते झालंच. पण वरच्या फ्लशच्या टाकीतलं रबर गेलं असेल तर पाणी आवाज न करता भांड्यात उतरत राहतं. पाहायचं कसं? रात्री झोपण्यापूर्वी फ्लशच्या टाकीत चमचाभर हळद कालवून टाका, सकाळी कोणी वापरण्याआधी भांड्यात पिवळं दिसलं तर गळती आहे. एक एचपीची मोटर तासाला पाऊण ते एक युनिट घेते. रोज अर्धा तास जास्त चालली तर महिन्याला चौदा-पंधरा युनिट. रबर शंभर-दीडशेला येतं. आणि गंगापूर धरणाचं पाणी जातंय ते वेगळं, त्याचं मीटर आपल्या डोळ्यांसमोर नसतं इतकंच.

चौथा कॉम्प्युटर. तो अभ्यासाचा असेल तर त्याला मी हात लावणार नाही. खेळांचा असेल, मोठा डबा आणि आत फिरणारे रंगीत पंखे वगैरे, तर दीडशे वॉट कुठेच गेले नाहीत. रोज सहा तास म्हणजे महिन्याला २७.

बेरीज केलीत? १३० च्या आसपास येते, तुमचा फरक १२९ चा. इतकं जुळलं की मला स्वतःचाच संशय येतो. विद्यार्थ्याचं प्रयोगाचं उत्तर असं तंतोतंत आलं की मी वही परत करायची. हे सगळे माझे अंदाज आहेत, तुमच्या घरात आकडे वेगळे निघतील, एखादा आरोपी निर्दोष सुटेल. ते ठरवायला तुमच्याकडे मीटर आहे, आणि मीटर वाचायला घरात एक इंजिनिअर होऊ घातलेला मुलगा आहे. त्याला कामाला लावा.

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी बारीक अक्षरांत एका युनिटाला किती लुकलुक, तो आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर ३,२००. रविवारी सकाळी घरातलं सगळं बंद करा. टीव्हीचं रिमोट दाबून नाही, भिंतीवरचं बटण. फ्रीज, इन्व्हर्टर, वायफायचा डबा, सेट टॉप बॉक्स, सगळं. मेन स्विच मात्र चालूच ठेवा. दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. थांबला नाही तर मीटरच्या पुढे कुठेतरी वीज गळतेय, किंवा तुमच्या मीटरवरून आणखी कोणाची तरी वायर गेली आहे. वर-खाली बांधकाम वाढवलेल्या घरांत हे दोन्ही निघतं. गळती निघाली तर बिलाचा विचार बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी वायरमन बोलवा, ती जिवावरची गोष्ट आहे. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (गळती होताच वीज आपोआप तोडणारा खटका) नसेल तर बसवून घ्या.

थांबला तर मग एकेक वस्तू चालू करत जायचं. मिनिटाला किती लुकलुक ते मोजायचं, साठने गुणायचं, ३,२०० ने भागायचं. ४० वेळा लुकलुकला तर पाऊण किलोवॉट. म्हणजे ती वस्तू तासभर चालली तर पाऊण युनिट. फ्रीज थांबून थांबून चालतो, त्याला मिनिटाचा हिशेब लागू नाही. त्याच्यासाठी बाकी सगळं बंद ठेवून रात्री अकराचं आणि सकाळी सहाचं रीडिंग लिहा. इन्व्हर्टरला बटणाने बंद करून मग प्लग काढा, म्हणजे त्या रात्री तो बाजूला राहील. दुसऱ्या रात्री तो लावून पाहा. दोन रात्रींतला फरक म्हणजे तुमची बॅटरी.

हे सगळं मुलाच्या हातून करवून घेण्यात माझा स्वार्थी हेतू आहे. वहीत त्याच्याच अक्षरांत ‘शॉवर’ आणि ‘आजीचा बल्ब’ एकाखाली एक आले की तुम्हाला एक अक्षर बोलावं लागणार नाही. आईने सांगितलं तर ते टोमणा होतं.

मीटर पळतोय का, हा प्रश्न यानंतर आपोआप सुटेल. एक किलोवॉटची इस्त्री सतत तापत असताना मोजा. इस्त्रीवर लिहिलेले वॉट आणि तुमचं गणित थोड्याफार फरकाने जुळलं तर मीटर ठीक आहे. इस्त्री मधेमधे आपोआप बंद होते तेवढं सांभाळा, दिवा लागलेला असतानाच मोजा. गणित दुपटीत चुकत असेल तर महावितरणकडे मीटर तपासणीचा लेखी अर्ज करा, तपासणीचं शुल्क भरून पावती जपून ठेवा. तक्रारीचा नंबर १९१२. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच नाशिकला आहे, आणि त्याच्या वर विद्युत लोकपाल. पण खरं सांगू? ज्यांनी ‘मीटर पळतोय’ म्हणून मला लिहिलं, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरात गीझरच पळत होता.

मिस्टरांच्या यंत्राबद्दल जरा जपून लिहिते, कारण हे उत्तर तेही वाचतील. माझ्या शेजाऱ्यांनी असंच एक आणलं होतं, ते मी उघडलं. आत एक छोटा कंडेन्सर, एक हिरवा दिवा आणि भरपूर हवा. कंडेन्सरने विजेच्या प्रवाहाचा आणि दाबाचा ताळमेळ सुधारतो हे खरं आहे, आणि कारखान्यांना त्याचा उपयोगही होतो, कारण त्यांचं बिलिंग वेगळ्या पद्धतीने होतं. मिस्टरांच्या कंपनीत पॅनलला मोठे कंडेन्सर लावलेले त्यांनी पाहिलेही असतील, त्यामुळे विकणाऱ्याचं बोलणं पटलं असणार. पण घरगुती मीटर प्रत्यक्ष खर्च झालेले युनिट मोजतो, त्यात या डब्याने काही फरक पडत नाही. उलट तो हिरवा दिवा तुमचीच वीज खातो. नऊशे रुपये गेले ते गेले. काढून ठेवा, विषय वाढवू नका.

आता फ्रीज. रात्री सात तास बंद ठेवला की आत ऊब शिरते, आणि सकाळी चालू केल्यावर ती सगळी बाहेर काढायला तो जोरात धावतो. वाचतं ते नगण्य, आणि एक लिटर दूध नासलं की महिन्याची सगळी बचत संपली. सासूबाईंना हे ‘तुमचं चुकलं’ अशा सुरात सांगू नका. त्यांनी ते पैशासाठी केलेलं नाही, नातवाच्या बोलण्यासाठी केलंय. नातवानेच मीटरची वही घेऊन त्यांच्याजवळ बसावं आणि ‘आजी, दिव्याचं माझं चुकलं’ एवढं म्हणावं. फ्रीज त्या रात्रीपासून चालू राहील.

फ्रीजचंच करायचं असेल तर तीन गोष्टी करा. मागे भिंतीपासून चार बोटं जागा ठेवा. दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा, नोट सहज ओढून निघाली तर रबर बदला. आणि आतला खटका थंडीत खाली आणा, मे महिन्यात ठेवलेल्या आकड्यावर जानेवारीतही तो धावत असतो. फ्रीज पंधरा वर्षांचा झाला असेल तर रात्रीच्या रीडिंगवरून वर्षाचा हिशेब काढा आणि दुकानातल्या नव्या फ्रीजच्या स्टिकरवर छापलेल्या वार्षिक युनिटशी ताडून पाहा. फरक दोनशेहून जास्त असेल तर बदलण्याचा विचार करा, नाहीतर राहू द्या.

गीझरसाठी मात्र थोडं जास्त लिहायला हवं, कारण तुमचा हिवाळ्यातला खरा खर्च तोच आहे. खाली-वर दोन्ही गीझरचा थर्मोस्टॅट बहुधा ६५ च्या पुढे असेल. आपल्याकडे पाणी कढत काढायचं आणि मग बादलीत विसण घालायचं ही सवय बंबाच्या काळातली आहे. बंबाला थर्मोस्टॅट नव्हता, त्याला इलाज नव्हता. माझ्या आजोळी, जुन्या नाशकात वाड्याच्या मागच्या दारी तांब्याचा बंब होता, आणि विसण कमी पडलं म्हणून मार खाल्लेला मला आठवतो. आता गीझर ५० वर आणा. विसण थोडं कमी लागेल, पण साठवलेलं पाणी निवण्यात जाणारी वीज कमी होईल. कव्हर उघडून खटका फिरवायचा असेल तर मेन बंद करून, किंवा वायरमनकडूनच.

अंघोळी एकामागून एक उरका. सहाला एक, साडेआठला दुसरा, अकराला तिसरा असं झालं की मधल्या वेळात तापलेलं पाणी फुकट निवतं. मिस्टरांची शिफ्ट बदलते तेव्हा हे जमणार नाही, तेवढं सोडून द्या. आणि वरचा गीझर थंडीत बंदच ठेवता आला तर उत्तम. मुलाने खाली येऊन बादलीने अंघोळ करावी. शॉवर हवाच असेल तर उन्हाळ्यात गार पाण्याचा करावा, तेव्हा त्याला कोणी अडवणार नाही.

कोणीतरी तुम्हाला गॅसचा गीझर सुचवेल. स्वस्त पडतो. पण बंद बाथरूममध्ये तो लावू नका. जळताना तो हवेतला प्राणवायू घेतो आणि हवा पुरी पडली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि यात माणसं दगावली आहेत. बसवायचाच तर उघड्या गच्चीवर, पाणी तेवढं नळीने आत.

त्याहून चांगला उपाय तुमच्या डोक्यावर आहे. गच्ची तुमची स्वतःची आहे, फ्लॅटवाल्यांचं ते भाग्य नाही. आपल्याकडे हिवाळ्यात आभाळ निरभ्र असतं, म्हणजे पाणी सर्वांत गार असतं नेमकं तेव्हाच ऊन पक्कं मिळतं. म्हणून वीज बनवणाऱ्या सोलरच्या आधी पाणी तापवणाऱ्या सोलरची चौकशी करा, काचेच्या नळ्यांचा. तुमच्या पाच माणसांना दोनशे लिटरचा पुरेल. मुलाची शॉवरची हौसही त्यातच भागेल, बिल न वाढता. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर नळ्यांत क्षार बसतात, हे घेतानाच विचारा.

विजेच्या सोलरला मी नाही म्हणत नाही, फक्त घाई करू नका म्हणते. २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असं जास्तीत जास्त ७८ हजारांचं अनुदान आहे. एक किलोवॉटचं पॅनल दिवसाला साधारण चार युनिट देतं, महिन्याला १२०. आज मोजलंत तर ३४१ युनिटांसाठी तीन किलोवॉट घ्यावं लागेल. आधी शॉवर, बॅटरी आणि फ्लश निस्तरलंत आणि वापर पुन्हा दोनशेच्या आसपास आला, तर दोन किलोवॉटमध्ये भागेल. विकायला येणारा माणूस हे सांगणार नाही, तो तीनचंच कोटेशन देईल. आणखी एक गोष्ट लोकांना बसवल्यानंतर कळते: दिवे गेले की नेटमीटरवालं (जास्तीची वीज लाइनवर परत देणारं) सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ती सोय आहे. तेव्हा सोलर घेतलं म्हणून इन्व्हर्टर लागणार नाही, असं गृहीत धरू नका.

तुमच्याकडे नवा स्मार्ट मीटर बसला असेल तर आणखी थोडं. १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळात वापरलेल्या युनिटांवर घरगुती ग्राहकांना सवलत आहे, बिलावर तिची वेगळी ओळ दिसेल. मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री या वेळात उरकता येईल. तेवढ्यासाठी अंघोळ नऊपर्यंत थांबवू नका.

पंख्यांचा विषय मी मार्चपर्यंत बाजूला ठेवते. जुने लोक म्हणतात, नाशकात पूर्वी पंखा लागत नसे. आता लागतो. साधा पंखा पंचाहत्तर वॉट घेतो आणि बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा तीसच्या आसपास, पण पाचही पंखे एकदम बदलायला जाऊ नका. रात्रभर फिरतो तो एक बदला, बिल बघा, मग पुढचं. पैसे आत्ता हातात असतील तर ते फ्लशचं रबर, झिरोचा बल्ब आणि बॅटरीकडे जाऊ देत.

बॅटरीवरून आठवलं. नवी घ्यायच्या आधी तिच्या सहा टोपणांजवळचे तरंगते दांडे खाली गेलेत का बघा. डिस्टिल्ड वॉटर शेवटचं कधी घातलं हे घरात कोणालाच आठवत नसेल, तर आधी ते घालून आठवडाभर मीटरची वही पुढे चालू ठेवा. नळाचं पाणी घालू नका. मग मला आकडे कळवा.